तापलेल्या माळावर पक्षी टिपताना

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी काढलेले पक्ष्यांचे फोटो एकापाठोपाठ एक बघत गेलं, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेकांची चोच उघडी असते. खाली कुणीतरी हौसेनं लिहिलेलं असतं, ‘गाण्यात रंगलेला बुलबुल’. तो बुलबुल गात नसतो, धापा टाकत असतो. गाणाऱ्या पक्ष्याचा गळा फुगतो, मान ताठ होते, चोच सुरांबरोबर उघडते आणि मिटते. उन्हानं कासावीस झालेला पक्षी चोच उघडीच ठेवून गप्प बसतो. पिसं अंगालगत चापून बसवलेली असतात आणि पंख खांद्यापाशी थोडे सुटे धरलेले असतात. हा फरक ओळखता आला, की उन्हाळ्यात माळावर कधी जायचं, कुठे बसायचं आणि कुठल्या क्षणी कॅमेरा खाली ठेवून मागे फिरायचं, हे पुष्कळसं आपोआप कळू लागतं. म्हणून या लेखात कॅमेऱ्याआधी पक्ष्याच्या शरीराबद्दल लिहितोय.

घामाशिवाय अंग थंड ठेवायचं

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचं तापमान मुळात आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस. आपल्याला १०४ फॅरनहाइट ताप भरला की घरात धावपळ सुरू होते. पक्ष्याचं ते रोजचं तापमान आहे.

याचा त्यांना एक फायदा होतो. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. हवा ३५ अंशांवर असेल आणि पक्षी ४१ वर, तर त्याच्या अंगातली उष्णता आपसूक बाहेर पडत राहते. त्यासाठी पाणी खर्च करावं लागत नाही. काही पक्षी उन्हात आपलं तापमान मुद्दाम दोन-तीन अंशांनी चढू देतात, म्हणजे अंगाकडून हवेकडे जाणारा तापमानाचा हा उतार कायम राहतो. पण हवा ४२-४३ अंशांवर गेली की उतार उलटा होतो आणि हवाच पक्ष्याला तापवू लागते. मग अंगातलं पाणी वाफ करून उष्णता बाहेर टाकणं, एवढा एकच मार्ग उरतो. माठातलं पाणी गार होतं ते याच तत्त्वावर. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता निघून जाते. हवा कोरडी असेल तर वाफ झपाट्यानं होते, म्हणून मैदानी प्रदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. अट एकच, अंगात पाणी हवं.

भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेची लाट कधी जाहीर करतो, ते इथे लक्षात घेण्यासारखं आहे. कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक चढलेलं असलं, किंवा पारा थेट ४५ वर पोचला, की ती लाट. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तो देशातला उच्चांक. हे आकडे जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. धाविक किंवा चंडोल राहतो त्या उघड्या जमिनीचा पृष्ठभाग याहून पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त तापतो. बातमीत ४३ वाचलं, की जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याच्या पायाखाली काय असेल याचा अंदाज करा.

ही वाफ मुख्यतः धापा टाकून होते, आणि धापा टाकण्याची पद्धतही सगळ्या पक्ष्यांची सारखी नसते. बुलबुल, साळुंकी, चिमणी यांची धाप छातीतून येते. श्वास जलद होतो आणि सगळं अंग हलकंसं हलत असतं. पाणकावळा, रातवा, घुबडं, बगळे यांचं तंत्र वेगळं. ते चोच उघडून गळ्याखालची पातळ कातडी भराभर फडफडवतात. तळ्याकाठच्या वाळक्या फांदीवर बसलेल्या पाणकावळ्यावर दुर्बीण लावून बघा. छाती जवळपास स्थिर असते आणि गळ्याची पिवळट कातडी मात्र अखंड थरथरत असते. छातीचे मोठे स्नायू हलवायचे नसल्यानं यात मेहनत कमी लागते, म्हणजे मेहनतीनं तयार होणारी नवी उष्णताही कमी. होले आणि कबुतरं आणखी वेगळी. त्यांच्या त्वचेतूनच बरंच पाणी वाफ होऊन जातं, म्हणून कडक उन्हातही होला पुष्कळ वेळ चोच मिटून शांत बसलेला दिसतो.

करकोचे आपल्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात. ती सुकताना पाय थंड होतात आणि पायांतून फिरणारं रक्तही. उन्हाळ्यात एखाद्या करकोच्याचे पाय चुना फासल्यासारखे पांढरे दिसले, तर त्याला आजारी समजू नका. आणि पंख अंगापासून दूर धरून बसलेला पक्षी उडायच्या तयारीत असेलच असं नाही. पंखाखालच्या भागात पिसं विरळ असतात, तिथून वारा खेळवला की उष्णता निघून जाते.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. धापा टाकणारा पक्षी त्या वेळी खाऊ शकत नाही, कारण चोच दुसऱ्या कामात गुंतलेली असते. सावली सोडून उन्हात शिकार शोधायला जाणं परवडत नाही. आफ्रिकेतल्या कालाहारीत, आपल्या सातभाईंच्याच कुळातल्या काळ्या-पांढऱ्या बॅबलर पक्ष्यांवर अभ्यास झाला. दिवसाचं तापमान ३५.५ अंशांच्या वर गेलं, की दिवसभरात वाढलेलं वजन रात्रीची घट भरून काढायलाही पुरत नाही, असं त्यात दिसून आलं. पक्षी मरून पडत नाहीत, सावलीत बसून असतात, आणि तरीही दिवसागणिक खंगत जातात. झुडपाच्या सावलीत टेकलेल्या पक्ष्याला आपण दोन पावलं पुढे जाऊन उठवतो, तेव्हा त्याच्याकडून नेमकं काय हिरावून घेतो, ते यावरून समजतं. त्याची सावली जाते, उडण्यानं अंग आणखी तापतं आणि ते थंड करायला पुन्हा पाणी जातं. हिवाळ्यात तोच पक्षी उडून शेजारच्या फांदीवर बसला असता आणि त्याचं फारसं बिघडलं नसतं.

पाण्यावर कोण येतं

उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलं की सगळे पक्षी येतील, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. कोण येणार, हे त्याच्या खाण्यावर ठरतं. कोरडे दाणे खाणाऱ्यांना अन्नातून पाणी जवळपास मिळतच नाही, त्यामुळे होले, मुनिया, चिमण्या, सुगरणी आणि पखुर्ड्या यांना रोज पाण्यावर यावं लागतं. किडे, सरडे, उंदीर खाणाऱ्यांना भक्ष्यातूनच पुष्कळ पाणी मिळतं. वेडा राघू, खाटीक, कापशी घार यांची पाणवठ्यावर वाट बघण्यात वेळ घालवू नये. शिक्रा येतो, पण बहुधा आंघोळीला, आणि काही वेळा पाणी प्यायला आलेल्या लहान पक्ष्यांच्या मागावर.

पाणी पिण्याच्या लकबीवरून फोटोचा क्षण ठरतो. बुलबुल, साळुंकी यांच्यासारखे बहुतेक पक्षी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो गळ्यात उतरवतात. मान वर गेली, की चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबतो आणि डोळा उजेडात येतो. फोटो तेव्हाचा. होला तसा पीत नाही. तो चोच पाण्यात बुडवून सलग ओढतो, डोकं वर करत नाही. होल्याचा फोटो चोच पाण्यात असतानाच काढायचा, आणि पाणी स्थिर असलं तर पाण्यातल्या प्रतिबिंबासकट.

पखुर्डीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कोरड्या माळावरचा याहून विलक्षण पक्षी मला माहीत नाही. रंग मातीचा, त्यामुळे बसलेली पखुर्डी दिसणं मुश्कील. सूर्य उगवून थोडा वर आला, की दुरून घशातल्या घशात बोलल्यासारखा आवाज येतो आणि थवा पाण्यावर उतरतो. काही सेकंद मान खाली, काही घोट, आणि लगेच उड्डाण. पिल्लं लहान असतील त्या दिवसांत नर मात्र मागे रेंगाळतो. पाण्यात पोटापर्यंत उतरतो, पोटाची पिसं फुलवतो आणि अंग हलवून ती भिजवतो. या पिसांचे तंतू कोरडे असताना मळसूत्रासारखे वळलेले असतात. पाणी लागलं की ते उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाटीत पाणी अडकून बसतं. मग नर घरट्याकडे उडत जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखून पाणी पितात. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकानं १८९६ मध्ये हे प्रथम लिहिलं, तेव्हा अनेकांना ते खरं वाटलं नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी आफ्रिकेतल्या नामाक्वा जातीच्या पखुर्डीचा अभ्यास करून ते पक्कं केलं. त्या जातीचा नर साधारण २५ मिलिलीटर पाणी पिसांत धरू शकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ १५ टक्के, आणि तेवढं ओझं घेऊन वीस-तीस किलोमीटरही उडतो.

म्हणून पाणवठ्यावरचा नियम माझ्या मते एकच पुरे. पक्षी येण्याआधी बसायचं आणि ते गेल्यावर उठायचं. थवा घिरट्या घालतोय आणि उतरत नाही, असं दिसलं तर अडचण आपली आहे हे ओळखून मागे सरकायचं. पखुर्डी सकाळी पाणी न पिता परत गेली, तर तिची तहान पुढचा सगळा तापलेला दिवस तशीच राहते, आणि नर असेल तर पिल्लांचीही.

उन्हाळा हा घरट्यांचा हंगाम आहे

माळ सुकून पिवळा पडला की तिथे काही नाही असं वाटतं. प्रत्यक्षात मार्च ते जून हा टिटवी, माळटिटवी, धाविक, डोंबारी, नीलपंख, वेडा राघू अशा कितीतरी पक्ष्यांचा विणीचा काळ आहे. नीलपंखाच्या हवेतल्या कोलांट्या याच दिवसांत बघाव्यात. डोंबारीचा नर उंच चढतो, पंख मिटून सरळ खाली कोसळतो आणि जमिनीच्या जरा वर स्वतःला सावरून पुन्हा चढतो. धरणांचं पाणी ओसरून बेटं उघडी पडली की त्यांवर नदी सुरय अंडी घालतात. कर्नाटकातल्या भद्रा जलाशयात त्यांची मोठी वसाहत दर उन्हाळ्यात भरते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते याच रुक्ष दिसणाऱ्या गवताळ माळावर. अशा जमिनींना सरकारी दप्तरात सर्रास ‘पडीक’ म्हटलं जातं आणि त्यांवर झाडं लावली की पुण्य मिळतं, असं लोकांना मनापासून वाटतं. ज्या पक्ष्याला शत्रू दुरून दिसण्यासाठी मोकळा माळच लागतो, त्याचं घर त्या झाडांनी मोडतं. माळ हा जंगलाचा अभाव नव्हे, ते स्वतंत्र आणि पूर्ण निसर्गघर आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

अंड्यातल्या गर्भाला साधारण ३६ ते ४० अंशांच्या दरम्यानचं तापमान मानवतं. त्याहून फार वर गेलं की तो मरतो. थंडीच्या प्रदेशात पक्षी अंडी उबवतात ती ऊब देण्यासाठी. मे महिन्यात उघड्या माळावर हेच काम उलटं होतं, पालक अंड्यांवर सावली धरतात. दुपारची टिटवी घरट्यावर बसलेली नसते, गुडघे वाकवल्यासारखी अर्धवट उभी असते, पाठ सूर्याकडे, पंख थोडे सैल, चोच उघडी. खाली चार अंडी तिच्या सावलीत. थोड्या वेळानं जोडीदार येतो आणि पाळी बदलते. आधीचा पक्षी जवळच्या पाण्यावर जाऊन पोट भिजवतो आणि परत येऊन ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतो. अंडी थंड होतात, भोवतालची हवाही थोडी दमट होते.

आता तिथे फोटो काढायला कुणी आलं, असं समजा. टिटवी उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. माणसाला वाटतं, छान, उडतानाचे फोटो मिळाले. तेवढ्या वेळात अंडी थेट उन्हात असतात, खालून हवेपेक्षा कितीतरी गरम जमीन लागलेली असते. अशा उन्हात काही मिनिटंही घातक ठरू शकतात. उन्हाळ्यातल्या घरट्याचे फोटो काढूच नयेत, हे माझं ठाम मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. बंदूक हातात असण्याची गरज नाही. चालताना टिटवी अचानक पायाशी ओरडू लागली, किंवा धाविक लंगडत पंख ओढत पुढे पळू लागला, की थांबा, पायाखाली बघा आणि आलात त्याच वाटेनं परत जा.

फोटो धूसर का येतो

उन्हाळ्यात नवशिक्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते, ‘लेन्स महागाची आहे, पण फोटो शार्प येत नाहीत’. लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी फोटो किती वाजता आणि किती अंतरावरून काढला ते बघावं. दहा वाजल्यानंतर पन्नास मीटरवरून उघड्या जमिनीलगत काढलेला फोटो जगातल्या कुठल्याही लेन्सनं धड येणार नाही.

कारण हवेत आहे. गरम हवा विरळ असते, थंड हवा दाट. प्रकाश एकातून दुसरीत जाताना किंचित वाकतो. जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापून वर उठते आणि वरची थंड हवा खाली येते. हे कुठल्याही शिस्तीत होत नाही, हवेचे लहान-मोठे गोळे एकमेकांत मिसळत वर-खाली होत राहतात. पक्ष्यापासून निघालेला प्रकाश अशा शेकडो गोळ्यांतून वाकत-वाकत लेन्सपर्यंत पोचतो. त्याच खेळाचं मोठं रूप म्हणजे डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ. डोळ्यांना दूरचा पक्षी थोडा थरथरताना दिसतो. पाचशे-सहाशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करून दाखवते.

यावर शटर स्पीड वाढवणं हा पुरता इलाज नाही. १/४००० सेकंदानं हालचाल गोठते, पण वाकडी झालेली प्रतिमा वाकडीच गोठते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचं कंपन थांबवतं, हवेचं नाही. ऑटोफोकसही गोंधळतो, कारण त्याला पकडायला ठाम कडाच सापडत नाही. पिसांच्या रेषा चिखलात बोट फिरवल्यासारख्या दिसतात, आणि संगणकावर कितीही शार्पनिंग केलं तरी ती चूक निघत नाही.

उपयोग होतो तो अंतर कमी करण्याचा. प्रकाशाला जेवढी कमी तापलेली हवा पार करावी लागेल, तेवढा फोटो चांगला. आणि जवळ जाणं म्हणजे पक्ष्याच्या मागे लागणं नव्हे, पक्षी आपणहून जवळ येतो अशा जागी आधीच जाऊन बसणं. बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जमिनीपासून दोन-अडीच मीटर वर फांदीवर बसलेला पक्षी जमिनीवरच्यापेक्षा स्वच्छ येतो. आकाशात उडणारा त्याहूनही. पाण्याचा पृष्ठभाग बाष्पीभवनानं थंड राहतो, त्यामुळे तळ्याच्या या काठावरून त्या काठाचा फोटो तेवढ्याच रुंदीच्या नांगरलेल्या रानावरून काढलेल्या फोटोपेक्षा सरस येतो. गवतही उघड्या मातीपेक्षा बरं. ढगाची सावली दोन-चार मिनिटं टिकली तरी फरक पडतो. एकाच पक्ष्याचे सलग पंधरा-वीस फोटो घेतले, तर हवा क्षणभर स्थिर असतानाचा एखादा चांगला निघू शकतो.

पोटावर झोपून, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढावा, असा सल्ला सगळेच देतात. चांगला सल्ला आहे, पण उन्हाळ्यात त्याला वेळेची मर्यादा आहे. जमिनीलगतचा थर सगळ्यात अस्थिर असतो आणि झोपून काढलेला फोटो नेमका त्याच थरातून जातो. सकाळी पहिला तासभर झोपा. नंतर उठून बसा, किंवा पक्षी दहा-बारा मीटरवर असेल तरच झोपा.

गाडीतून फोटो काढणारे आणखी एका गोष्टीला फसतात. गाडी ही उत्तम आडोसा आहे, पक्षी माणसापेक्षा गाडीला कमी बिचकतात. पण आत एसी चालू आणि बाहेर ४० अंश असताना काच खाली केली, की खिडकीतच थंड आणि गरम हवेची मिसळ होते, नेमकी लेन्सच्या तोंडाशी. बॉनेटवरून उठणारी गरम हवा मध्ये आली तरी तेच. इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंच्या काचा उघडा, आतली हवा बाहेरच्याइतकी होऊ द्या आणि मग फोटो काढा. लेन्सच्या तोंडावर बसवायच्या लांब हूडच्या आतही तापलेली हवा अडकते. उन्हात तासभर ठेवलेली लेन्स वापरण्याआधी थोडा वेळ सावलीत धरली तर बरं.

हवा किती अस्थिर आहे हे तपासायची साधी पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दूरचा एखादा दगड पूर्ण मोठा करून बघा. त्याची कड नाचत असेल तर त्या अंतरावर त्या वेळी फोटोचा नाद सोडा आणि दुर्बीण काढा.

उजेड

आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातला सूर्य चटकन वर चढतो, तासाला साधारण १३-१४ अंश. त्यामुळे सकाळचा तिरपा, मऊ उजेड तासभरच पुरतो, दोन तासांनी तो कडक होतो. मे महिन्यात तर महाराष्ट्रावरून सूर्य थेट डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या सुमारास दुपारी पक्ष्याची पाठ जळालेली आणि डोळा काळोखात, असा फोटो येणार हे ठरलेलं.

उजेड भरपूर असतो, ही मात्र चैन. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ आणि शटर १/१६०० सेकंद हे निरभ्र आकाशाखाली जवळजवळ बरोबर बसतं. तो उजेड तासन् तास बदलत नाही, म्हणून उन्हाळ्यात मॅन्युअल मोड, म्हणजे हे आकडे आपणच ठरवायचे, सगळ्यात सोपा पडतो. पांढरा बगळा समोर आला किंवा काळा कोतवाल, पडणारा उजेड तोच असतो. ऑटोमॅटिक मोड पक्ष्याच्या आणि मागच्या रानाच्या रंगानुसार मत बदलत राहतो. एकदा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघून बगळ्याची पिसं जळत नाहीत अशी सेटिंग ठेवायची आणि मग फक्त पक्ष्याकडे लक्ष द्यायचं.

कडक उन्हातही एक गोष्ट साधते. फिकट, वाळलेली जमीन उजेड वर परावर्तित करते. माथ्यावरून कमी उंचीवर गेलेल्या घारीचं किंवा सुरयाचं पोट खालून छान उजळतं आणि पंखाखालची पिसं मोजता येतील इतकी स्पष्ट येतात. हिरव्यागार पावसाळी माळावर हा उजेड मिळत नाही.

दुपारी बघायचं ते

दहानंतर लहान पक्षी गप्प होतात आणि मोठ्यांचा दिवस सुरू होतो. ज्या गरम हवेनं फोटो बिघडतो, तिच्याच जोरावर गरुड, गिधाडं आणि करकोचे पंख न हलवता हजारो फूट वर जातात. जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. नांगरलेलं रान, खडकाळ उतार लवकर तापतात आणि तिथून गरम हवेचा स्तंभ उठतो. घार तो कसा शोधते ते एकदा सावलीत बसून नीट बघा. पंख मारत सरळ चाललेली असते, मध्येच पंख थांबतात, एक बाजू किंचित उचलली जाते, शेपटी सुकाणूसारखी पिळते आणि ती उचलल्या गेलेल्या बाजूकडे वळते. दोन-तीन वर्तुळं घेऊन स्तंभाचा मध्य सापडला, की पुढे पंखांची हालचालच नाही. खाली वावटळ उठलेली दिसली तर तिच्या वर नजर टाका, पुष्कळदा तिथे कुणीतरी चढत असतं. मोठे शिकारी पक्षी सकाळी सातला का दिसत नाहीत याचंही उत्तर हेच. तोपर्यंत त्यांचा जिना तयार झालेला नसतो.

याच वेळी कानांना पावशा ऐकू येतो, सूर वर-वर चढवत नेऊन एकदम थांबणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पळसावर आणि पांगाऱ्यावर भोरड्यांचे थवे असतात, ते एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये आफ्रिकेकडून चातक येतो. सुगरणीचा नर पिवळा होऊ लागतो. हे टिपायला पाचशे मिलिमीटर लागत नाही, वही पुरते. ईबर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या यादीबरोबर वेळ, ऊन की सावली आणि पक्षी काय करत होता, एवढं लिहून ठेवलं तर ते पुढे कुणाच्या तरी अभ्यासाच्या कामाला येतं.

सामानाचं थोडक्यात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंतच दिलेली असते. काळी बॉडी उन्हात ठेवली की ती मर्यादा लवकर ओलांडली जाते, म्हणून वर पांढरं सुती फडकं टाका. बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) भिंगावर थेट सूर्य पडू देऊ नका, आतला पडदा जळतो. माळावर लेन्स बदलू नका आणि धूळ कापडानं पुसण्याआधी हवेच्या फुग्यानं उडवा, नाहीतर कापडाखालची वाळू काचेवर ओरखडे काढते. स्वतःबद्दल एवढंच की तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा आणि दहाच्या आत सावली गाठा. डोकं दुखू लागलं, मळमळलं, पाय जड झाले की त्या दिवसाचं काम संपलं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचं अंग तापलं, तर तो उष्माघात आहे. त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा.

ज्यांना माळापर्यंत जाणं शक्य नाही, त्यांनी खिडकीबाहेर किंवा अंगणात मातीचं पसरट भांडं ठेवावं. पाणी दोन-तीन बोटं खोल, त्याहून जास्त नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे मुनियासारख्या लहान पक्ष्यालाही पाय टेकता येतो. भांडं सावलीत असावं, कारण उन्हात तापलेलं पाणी पक्ष्यांच्या उपयोगाचं नसतं. झुडूप जवळ हवं, पण मांजर दबा धरून बसू शकेल इतकं चिकटून नको. पाणी रोज बदला आणि भांडं घासून काढा. शेवाळलेल्या, विष्ठा पडलेल्या पाण्यातून होल्यांमध्ये आणि चिमण्यांमध्ये रोग पसरतात, आणि साचलेल्या पाण्यात डासही होतात. फोटो काढायचा असेल तर खिडकीच्या आत अंधार ठेवा, पडद्याच्या फटीतून लेन्स काढा, आणि पहिले काही दिवस नुसतं भांडं ठेवून द्या. साळुंक्या आधी येतात, बुलबुल त्यांच्या मागोमाग, होले जरा उशिरानं.